शेतकऱ्यांची यादी आणि ब्रेमेनचा पोलीस

संगणकाची भाषा मराठी ठेवायची आणि त्यावर जावाचा प्रोग्राम चालवायचा, हा उद्योग नांदेडमध्येही फार थोडे लोक करतात. कॉलेजच्या लॅबमध्ये आणि घरच्या लॅपटॉपवर सगळं इंग्रजीतच असतं. पण ज्याने भाषा आणि प्रदेश बदलून मराठी केलं, त्याला एक गंमत पाहायला मिळते. प्रोग्रामने तीन आकडे जोडून व्हर्जनचा क्रमांक तयार केला, तर तो इंग्रजी आकड्यांत न येता १.४.० असा झकास देवनागरीत उमटू शकतो. सप्टेंबर २०१७ मध्ये आलेल्या जावा ९ पासून जावा प्रत्येक भाषेचे रीतिरिवाज युनिकोड संघटनेच्या सीएलडीआर नावाच्या माहितीसाठ्यातून घेते. त्या साठ्यात हिंदीचे नेहमीचे अंक इंग्रजी धरले आहेत, मराठीचे आणि नेपाळीचे देवनागरी. मराठीचा मान इथे हिंदीपेक्षा अधिक राखला गेला आहे, याची भाषाभिमानी मंडळींनी नोंद घ्यायला हरकत नाही.

मान राखला जातो आणि काम बिघडतं. त्या क्रमांकावरून फाइलचं नाव ठरतं. पुढच्या टप्प्यावरचा प्रोग्राम तीच फाइल इंग्रजी आकड्यांच्या नावाने शोधत बसतो. त्याला ती सापडत नाही आणि बिल्ड फेल होतो. लाल अक्षरांतला संदेश एवढंच म्हणतो की फाइल नाही. फाइल तर डोळ्यांसमोर असते! बरं, जावाला देवनागरी अंक वाचता येत नाहीत असंही नाही. मजकुरातला १२ दिला तर त्याचं संख्येत रूपांतर करणारी तिची नेहमीची सोय तो बिनतक्रार बारा म्हणून घेते. मजकूर नमुन्याशी ताडून पाहणारी दुसरी सोय मात्र तोच १२ हा आकडा आहे, हे मुळी मानतच नाही. एकाच घरात दोन न्याय.

लातूरची डाळ मिल ज्यांनी आतून पाहिली आहे त्यांना बिल्ड म्हणजे काय हे फार समजावून सांगावं लागणार नाही. तूर आत जाते, चाळली जाते, तेल-पाणी लावून वाळवली जाते, भरडली जाते, टरफल वेगळं होतं आणि शेवटी डाळ पोत्यात पडते. प्रोग्रामरने लिहिलेला कोड ही तूर आणि लोकांच्या फोनवर जातं ते अ‍ॅप ही डाळ. मधली यंत्रांची रांग लावून देणारं साधन ते बिल्ड टूल: मेक, अँट, मेव्हन, ग्रेडल. त्या रांगेत आपल्या गरजेची एक जादा चाळणी बसवायची असेल, तर तिला प्लगइन म्हणतात. चाळणी स्वतःपुरती बसवणं सोपं आहे. ती जगातल्या कुठल्याही मिलमालकाने उचलून न्यावी म्हणून चव्हाट्यावर ठेवणं, म्हणजे सार्वजनिक रजिस्ट्रीवर प्रसिद्ध करणं, ही वेगळीच गोष्ट आहे.

ती किती वेगळी आहे, याचा जुना दाखला या सगळ्या साधनांच्या मूळपुरुषाकडेच सापडतो. बेल लॅब्जमध्ये स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ साली 'मेक' लिहिलं. त्यात एक विचित्र नियम राहून गेला. आज्ञेची ओळ टॅबनेच सुरू व्हायला हवी, मोकळ्या जागा चालणार नाहीत. डोळ्यांना दोन्ही सारखंच दिसतं, त्यामुळे चूक सापडता सापडत नाही. हा नियम त्रासाचा आहे हे फेल्डमन यांच्या लवकरच ध्यानात आलं होतं. पण तोवर डझनभर लोक मेक वापरायला लागले होते, त्यातले बरेचसे मित्रच. त्यांचं चालू काम बिघडू नये म्हणून त्यांनी नियम तसाच ठेवला. डझनभर मित्रांची ही भीड जगाला जवळपास पन्नास वर्षं पुरली आहे. नांदेडच्या विष्णुपुरीत १९८१ पासून उभ्या असलेल्या गुरु गोविंदसिंहजींच्या नावाच्या अभियांत्रिकी संस्थेत पहिल्यांदा मेक चालवणाऱ्या मुलालाही 'मिसिंग सेपरेटर' हा संदेश चुकत नाही.

आता तर डझनाची गोष्टच राहिली नाही. जावावाल्यांसाठी मेव्हन सेंट्रल, ग्रेडलवाल्यांसाठी प्लगइन पोर्टल, जावास्क्रिप्टवाल्यांसाठी एनपीएम, पायथॉनवाल्यांसाठी पायपीआय अशी कोठारं चोवीस तास उघडी आहेत. माल ठेवायला भाडं नाही, उचलायला पैसे नाहीत. समजा, उदगीरला बीसीए करणाऱ्या एका मुलीने वरच्या अंकांच्या भानगडीवर इलाज म्हणून एक छोटं ग्रेडल प्लगइन लिहिलं. बिल्ड चालू असताना ते फाइलींची नावं आणि क्रमांक तपासतं आणि देवनागरी अंक घुसला असेल तर कुठे घुसला ते सांगतं. दीडदोनशे ओळींचं काम. ते प्रसिद्ध करायला तिला कुणाची शिफारस लागेल? कुणाचीच नाही. बारावीचे मार्क, प्रवेश परीक्षेचा क्रमांक, कॉलेजचं नाव, यातलं काहीही तिथे विचारत नाहीत. गुणवत्ता यादीच्या जोरावर ज्या शहराने महाराष्ट्रात नाव कमावलं, त्या लातूरच्या जिल्ह्यात हे जरा निराळं वाटेल.

पण विचारतात ते प्रश्न सोपे नसतात. पहिला प्रश्न नावाचा. प्लगइनची ओळख उलट्या लिहिलेल्या वेबपत्त्यासारखी असावी लागते, म्हणजे देश किंवा संस्था आधी, नाव नंतर. ज्याच्या मालकीचं डोमेन त्याचंच ते नाव. मेव्हन सेंट्रलवर त्या डोमेनच्या नोंदीत एक सांकेतिक मजकूर घालून मालकी सिद्ध करावी लागते. डोमेन विकत घेतलं नसेल तर गिटहबवरच्या खात्याचं नाव चालतं. ग्रेडलच्या पोर्टलवर पहिलं प्लगइन आलं की ते लगेच लोकांना दिसत नाही, आधी त्यांच्याकडचा माणूस नजर टाकतो. मेव्हन सेंट्रलला याहून बरंच काही हवं असतं: चालणाऱ्या फाइलीबरोबर मूळ कोड, त्याचं दस्तऐवजीकरण, लायसन्स कुठलं, लिहिणारा कोण, कोड कुठे ठेवला आहे, आणि या सगळ्यावर स्वतःच्या गुप्त किल्लीने केलेली डिजिटल सही. यातलं एक जरी चुकलं तरी अर्ज परत येतो. तहसीलच्या खिडकीशी उभं राहिलेल्याला यात नवल वाटायचं नाही. फरक इतकाच की इथे खिडकीपलीकडचा यंत्र-बाबू काय कमी आहे ते ओळीनिशी लिहून देतो आणि उद्या या म्हणत नाही.

आणि एकदा का ते प्रसिद्ध झालं, की झालं.

मेव्हन सेंट्रलवर चढवलेलं व्हर्जन काढून टाकता येत नाही, बदलता येत नाही. चूक सापडली तर पुढचा क्रमांक द्यायचा आणि जुनी चूक जगाच्या डोळ्यांसमोर तशीच राहू द्यायची. हा कडकपणा कशासाठी, हे जावास्क्रिप्टच्या जगाने २२ मार्च २०१६ रोजी अनुभवलं. अझेर कोचुलु नावाच्या प्रोग्रामरचं एनपीएमवर 'किक' नावाचं एक पॅकेज होतं. त्याच नावाच्या मेसेंजर कंपनीने ते नाव मागितलं. कोचुलु यांनी नकार दिला, एनपीएमने नाव कंपनीच्या पदरात घातलं आणि वैतागून त्यांनी आपली सगळी, अडीचशेहून अधिक, पॅकेजं एका झटक्यात काढून घेतली. त्यात 'लेफ्ट-पॅड' हे अकरा ओळींचं एक पॅकेज होतं. मजकुराच्या डाव्या बाजूला हव्या तितक्या जागा किंवा शून्यं भरायची, एवढंच त्याचं काम. त्या अकरा ओळींवर बेबलसारखी मोठी साधनं उभी होती आणि त्यांच्यावर हजारो प्रकल्प. जगभरचे बिल्ड पटापट फेल व्हायला लागले. दोनेक तासांत एनपीएमने ते पॅकेज परत जागेवर आणून ठेवलं, आणि पुढे नियम बदलले. आता पॅकेज काढून घ्यायला साधारण ७२ तासांची मुदत असते, तीही त्यावर दुसरं कुणी अवलंबून नसेल तर. कोचुलु यांचा राग समजण्यासारखा होता. पण रजिस्ट्रीवर माल ठेवणाऱ्याला रागावून घरी निघून जायचा अधिकार उरत नाही, ही गोष्ट त्या दिवशी पक्की झाली.

मराठवाड्यातल्या मुलामुलींनी लेफ्ट-पॅडहूनही जपून वाचावी अशी दुसरी घटना मे २०२२ ची आहे. पायपीआयवर 'सीटीएक्स' नावाचं एक जुनं, कित्येक वर्षं हात न लागलेलं पॅकेज होतं. त्याच्या मालकाचा ईमेल ज्या डोमेनवर होता त्या डोमेनची मुदत संपली. कुणीतरी ते डोमेन विकत घेतलं, त्यावर ईमेल सुरू केला, 'पासवर्ड विसरलो' म्हणून कळवलं आणि खातं ताब्यात घेतलं. मग नव्या व्हर्जनमध्ये लोकांच्या संगणकावरच्या गुप्त किल्ल्या चोरणारा कोड घालून दिला. आपल्याकडे काय होतं? मुलगा कॉलेजच्या ईमेलवर खातं उघडतो. पदवी घेतो, रात्रीची गाडी पकडून पुण्याला हिंजवडीत जातो, कॉलेज यथावकाश तो ईमेल बंद करतं. खात्यावरचं पॅकेज मात्र तसंच राहतं, कुणाच्या ना कुणाच्या बिल्डमध्ये रोज उतरत. तेव्हा खातं स्वतःच्या कायमच्या ईमेलवर उघडावं आणि दुहेरी पडताळणी सुरू करावी. उदगीरच्या त्या मुलीला देता येईल असा हा सगळ्यात व्यवहारी सल्ला आहे.

बिल्डचं प्लगइन हे इतर पॅकेजांहून अधिक जोखमीचं असतं, कारण ते अ‍ॅप बनवणाऱ्याच्याच संगणकावर, त्याच्याच अधिकाराने चालतं. मार्च २०२४ मध्ये उघडकीला आलेलं एक्सझेडचं प्रकरण नेमकं याच वाटेने घडलं. एक्सझेड हे फाइली दाबून लहान करणारं साधन. लिनक्सच्या बहुतेक सर्व्हरवर ते असतं आणि त्याची देखभाल मुख्यतः एकटा माणूस करत होता. 'जिया टॅन' हे नाव घेऊन कुणीतरी दोनेक वर्षं त्याला इमानेइतबारे मदत केली, विश्वास मिळवला आणि मग घात केला. विष चालू करणारा धागा प्रकल्पाच्या उघड्या कोडमध्ये नव्हताच. वाटण्यासाठी बांधलेल्या गठ्ठ्यातल्या बिल्डच्या स्क्रिप्टमध्ये तो लपवला होता. आंद्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेसच्या प्रोग्रामरला दूरच्या संगणकावर लॉगिन व्हायला अर्धा सेकंद जास्त लागतोय असं जाणवलं, म्हणून त्याने खोदकाम केलं आणि ते सापडलं. अर्ध्या सेकंदाला एवढं मनावर घेणारा माणूस विरळाच.

हे सगळं वाचून कुणी म्हणेल, मग नकोच ती भानगड, जे तयार मिळतं ते वापरावं. इथे अंकांच्या गोष्टीकडे वळायला हवं. कारण त्या दुखण्यावरचं औषध आधीच तयार आहे आणि ते बनवलं आहे जर्मनीतल्या ब्रेमेन शहरातल्या माणसाने.

उवे शिंडलर हे ल्युसीन या शोधयंत्राच्या प्रकल्पावर काम करतात. ल्युसीनमध्ये एक भन्नाट प्रथा आहे. प्रत्येक वेळी चाचण्या चालतात तेव्हा संगणकाची भाषा आणि कालविभाग चिठ्ठी टाकून निवडला जातो. आज तुर्की, उद्या थाई, कधी मराठी. चाचणी फेल झाली की कुठल्या भाषेत फेल झाली तेही छापून येतं. तुर्कीत तर वेगळाच घोळ होतो. तिथे इंग्रजी मोठ्या 'आय'चं छोटं रूप बिनठिपक्याचं असतं, त्यामुळे अक्षरं लहान केलेला शब्द ओळखू येत नाही. कॉटलिन भाषेने २०२१ साली १.५ व्हर्जनमध्ये अक्षरं लहानमोठी करायच्या जुन्या सोयी बाजूला ठेवून नव्या आणल्या, त्यामागे हेच दुखणं होतं. शिंडलर यांनी यावर मेव्हन, अँट आणि ग्रेडल या तिन्हींसाठी एक प्लगइन लिहिलं. ते तयार झालेला कोड वाचतं आणि संगणकाच्या मनाने भाषा, अक्षरसंच किंवा घड्याळ ठरू देणाऱ्या आज्ञा दिसल्या की बिल्ड थांबवतं. नाव ठेवलं आहे 'पोलिसाचा निषिद्ध आज्ञा तपासनीस' अशा अर्थाचं. ते मेव्हन सेंट्रलवर आहे, ग्रेडलच्या पोर्टलवर आहे, मुक्त लायसन्सखाली आहे. वसमतचा मुलगा आज ते दोन ओळींत आपल्या प्रकल्पात बसवू शकतो आणि त्याने ते बसवावंच.

मग उदगीरच्या मुलीने लिहावं काय? ब्रेमेनच्या पोलिसाला जे दिसत नाही ते.

'शेतकऱ्यांची यादी' या नावाची फाइल घ्या. पीकविमा, अनुदान, दुष्काळी मदत, कुठल्याही कामात ही फाइल असतेच. त्यातला 'ऱ्या' निदान तीन तऱ्हांनी साठवला जातो. एकात ऱ हे स्वतंत्र अक्षर असतं, दुसऱ्यात साधा र आणि त्याखाली वेगळा नुक्ता, आणि तिसऱ्यात र, हलन्त आणि एक अदृश्य जोडचिन्ह. कीबोर्ड बदलला की तऱ्हा बदलते, पडद्यावर मात्र तिन्ही सारखेच दिसतात. युनिकोडचा एकरूपतेचा नियम लावला तर पहिले दोन एक होतात. तिसरा त्यालाही दाद देत नाही. मॅकची जुनी फाइल व्यवस्था नावं सुटी करून ठेवायची, लिनक्स ती दिली तशी ठेवतो. परिणाम असा की देगलूरच्या मुलाने चढवलेली यादी लातूरच्या सर्व्हरवरच्या प्रोग्रामला सापडत नाही, किंवा एकाच नावाच्या दोन फाइली शेजारीशेजारी नांदतात आणि कुठली खरी ते कुणालाच कळत नाही. ही अडचण ब्रेमेनमध्ये कुणाला येण्याचं कारण नाही. ती इथे रोज येते. बिल्डच्या वेळी ही तिन्ही रूपं ओळखणारं, इशारा देणारं, सांगितलं तर एकरूप करून देणारं छोटं प्लगइन, हा मराठी माणसाने मराठीच्या गरजेतून लिहावा असा कोड आहे. नेपाळीभाषकांनाही त्याचा थोडाफार उपयोग होईल, कारण त्यांच्याकडेही हा अर्धा र आहे.

अशा गोष्टी आधी किती त्रासाच्या होत्या, हे नव्या मुलांना सांगूनही पटत नाही. जावा ९ येण्याआधी भाषांतराच्या फाइलीत सरळ मराठी लिहिताच येत नसे. प्रत्येक चिन्हाचा सांकेतिक क्रमांक लिहावा लागे. 'नांदेड' लिहायला सहा क्रमांक, 'लातूर'ला पाच. अँटमध्ये हे रूपांतर करून देणारी खास पायरी होती आणि ती विसरली की पडद्यावर कचरा उमटे. २०२२ साली जावा १८ ने यूटीएफ-८ हा सगळीकडचा मूळ अक्षरसंच ठरवला, तेव्हा कुठे विंडोजवरच्या प्रश्नचिन्हांच्या रांगा कमी झाल्या. या सुधारणा आपोआप झालेल्या नाहीत. कुठल्या तरी भाषेतल्या कुणी तरी चिकाटीने तक्रार मांडली, दाखले दिले, कोड लिहून दिला.

मराठीने हे केलेलंच नाही असंही नाही. वैज्ञानिक आणि गणिती मजकूर छापण्यासाठी वापरल्या जाणाऱ्या लाटेक्सचं सीटीएएन नावाचं जागतिक भांडार आहे, स्वयंसेवकांनी चालवलेलं. त्यावर मुंबईच्या आयआयटीने काढलेला 'शोभिका' हा देवनागरी फाँट आहे. जोडाक्षरांसह सोळाशेहून अधिक देवनागरी आकार त्यात आहेत. त्याचा देवनागरी भाग राज्य मराठी विकास संस्थेच्या 'यशोमुद्रा' फाँटवर उभारलेला आहे. सरकारी संस्थेने मुक्त लायसन्स दिलं, म्हणून दुसऱ्या संस्थेला तो घेऊन पुढे नेता आला आणि जगाच्या भांडारात ठेवता आला. परवानगीचे कागद फिरत राहिले असते, तर तो कुठल्या तरी कपाटात पडून असता.

कपाटांचा विषय निघालाच आहे, तर शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टबद्दल बोललंच पाहिजे. काळ्या रेक्झिनची बांधणी, त्यावर सोनेरी अक्षरं, आत ग्रंथालय व्यवस्थापन किंवा हजेरीपत्रक. काही शहरांत असे प्रोजेक्ट तयार विकत मिळतात, हे सगळ्यांना ठाऊक आहे. तोंडी परीक्षा झाली की तो ग्रंथ कपाटात जातो आणि पुन्हा कुणी उघडत नाही. रजिस्ट्रीवरचं दीडशे ओळींचं प्लगइन असं लपत नाही. त्याचा कोड उघडा असतो, तारीख असते, चूक असेल तर परका माणूस येऊन ती दाखवतो, आणि दुरुस्ती कधी झाली तेही दिसतं. विकत आणलेल्या कामाचं पितळ तिथे पहिल्या तक्रारीला उघडं पडतं.

म्हणून विनंती नांदेड-लातूरच्या प्रोजेक्ट गाइडना आहे. येत्या वर्षी गुणांच्या तक्त्यात एक रकाना वाढवा: काम कुठल्या सार्वजनिक रजिस्ट्रीवर प्रसिद्ध झालं, कुठल्या लायसन्सखाली, आणि बाहेरून आलेल्या पहिल्या तक्रारीला काय उत्तर दिलं. निदान एका गटाला 'ऱ्या'चा प्रश्न द्या. बांधणीचा खर्चही वाचेल.